सुईताईंचा थेंब

आधीच सांगतो, मी शास्त्रज्ञ-बिस्त्रज्ञ कोणी नाही. जनावरांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी यंत्रं दुरुस्त करतो. फ्रीज, पंप, सूक्ष्मदर्शक, दारांची बिजागरं, जे मोडेल ते माझ्याकडे येतं. खिशात कायम पाना असतो म्हणून मोठी माणसं मला पाना म्हणतात आणि तरणी पोरं पानाकाका. तोंड फटकळ आहे माझं. माझ्या बायकोला विचारा, ती तुमचा प्रश्न संपायच्या आत हो म्हणेल. पण सांगायचंय ते सुईताईंबद्दल. माझ्याबद्दल लागेल तेवढंच सांगेन, आणि ते काही फार शोभेचं नाही.

ताई संस्थेत आल्या त्या काचेची भांडी धुवायला. शिक्षण बेताचं. नवरा लवकर गेला, पदरात चार वर्षांची मुलगी. भांडी धुता धुता त्या लोकांचे हात बघायच्या, आणि एक दिवस साहेबांसाठी काचेच्या सुया ओढणारी बाई नोकरी सोडून गेली तेव्हा ताई म्हणाल्या, मी बघू का करून? साहेब गालात हसले. ताईंनी काचेची कांडी ज्योतीवर धरली, मऊ झाल्यावर दोन्ही हातांनी ओढली, आणि टोक इतकं बारीक काढलं की साहेबांना ते दिसेना. त्या दिवसापासून भांडी सुटली आणि नाव पडलं सुईताई.

आता ही सुई कशाला, तर लायब्ररीला. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा साहेबांना विचारलं होतं, कपाटं किती लागतील? सगळी खोली फिदीफिदी हसली. ताई हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला नीट समजावलं.

"हे बघा भाऊ, गाईच्या एका पेशीत साठ गुणसूत्रं असतात, जोडीजोडीने. वासरू कसं होणार ते सगळं त्यांच्यावर लिहिलेलं. एवढा पसारा एकदम वाचता येत नाही. म्हणून नेमकं एकच गुणसूत्र उचलायचं. त्याचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका जंतूच्या पोटात ठेवून वाढवायचा आणि डब्यांमध्ये गोठवायचा. पाहिजे तेव्हा पाहिजे तो काढून वाचायचा. म्हणून लायब्ररी."

"मग पुस्तकंच झाली की."

"पुस्तकंच. फक्त सगळी फाडून ठेवलेली," ताई म्हणाल्या.

आमच्या कळपात तेव्हा एक भलतंच दुखणं शिरलं होतं. काही वासरं जन्मायची आणि मागच्या पायांवर उभीच राहायची नाहीत. आई चाटायची, ढुशी द्यायची, ती धडपडायची, आणि आठवड्याभरात जायची. गोठ्यातली माणसं सुद्धा तिकडे बघायची टाळायची. साहेबांचा अंदाज होता की बिघाड सव्विसाव्या गुणसूत्रावर आहे. ते एकटं उचलून त्याची लायब्ररी केली, तर बिघाडाची जागा सापडेल आणि कोणत्या गाई तो पोटात वागवताहेत ते आधीच कळेल.

आणि गाईची गुणसूत्रं म्हणजे काय सांगू तुम्हाला! सगळी एका साच्यातली. लांबीत उन्नीस-बीस फरक. सव्विसावं आणि सत्ताविसावं तर साहेबांनाही ओळखू यायची नाहीत. ताईंना यायची. कशी, ते त्यांना सांगता यायचं नाही. "चेहरा वेगळा आहे ना," म्हणायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीतलं तेवढंच गुणसूत्र सुईच्या टोकाने खरवडायचं, टोकाला चिकटलं की एका थेंबात सोडायचं. असं बारा पेशींतून बारा वेळा. थेंब केवढा, तर मोहरीपेक्षा लहान. सकाळी बसलेली बाई जेवणापुरती सोडली तर संध्याकाळीच उठायची, आणि दिवसभराची कमाई तेवढा थेंब.

पुढे त्या थेंबातलं जे असेल ते कोटी-कोटी पटींनी वाढवायचं. इथेच सगळी गोम आहे. थेंबात बोलता बोलता उडालेला थुंकीचा कण पडला, तर तोही तितक्याच पटींनी वाढतो. म्हणून दाराला लाल पाटी लागायची, 'सुई चालू'. पाटी असली की आत कुणी जायचं नाही म्हणजे नाही. साहेबांनीही नाही. ताई टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे घालून बसायच्या आणि दिवसभर तोंडातून अक्षर काढायच्या नाहीत. तशाही त्या घुम्याच होत्या. त्यांची मुलगी म्हणायची, आमची आई भाजी चिरतानाही मास्क लावल्यासारखी गप्प असते.

ही मुलगी म्हणजे छोटी. मोठी होऊन आमच्याच संस्थेत लागली, तरी नाव छोटीच राहिलं. आईच्या उलट, बोलभांड आणि हसरी. तिचं काम वासरांच्या आईबापांची तपासणी. कळपात सरमिसळ होते, कोणतं वासरू कोणत्या गाईचं याचा घोळ होतो. छोटी गाईचा आणि वासराचा नमुना शेजारी शेजारी चालवायची, फिल्मवर काळ्या रेघा उमटायच्या. वासराच्या निम्म्या रेघा आईच्या रेघांशी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर कागदावर शिक्का, 'आई जुळत नाही'. दिवसाला वीस-वीस फिल्म वाचायची पोरगी, पाटीवरची अक्षरं वाचावीत तशी.

तर सव्विसाव्याची लायब्ररी झाली. ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे गेली, दोन वर्षं तिच्यावर काम झालं, आणि मग पत्र आलं. लायब्ररीतला तिसरा हिस्सा गाईचा नाहीच, माणसाचा आहे.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही सात जण. आमच्याच ज्या संशोधक बाईंनी त्या प्रयोगशाळेबरोबर त्या तुकड्यांवर दोन वर्षं घालवली होती, त्या टेबलाकडे बघत नुसत्या बसून होत्या. साहेब म्हणाले, "खरवडलं त्याच दिवशी हे आत गेलंय. नंतर नाही." आणि सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. ताई पांढऱ्या पडल्या. "मी नाही हो बोलले," एवढंच म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी उठलोच. "साहेब, एका बाईकडे काय टकामका बघताय सगळे? त्यांच्याइतकी शिस्त आहे का इथे कुणाला? कुणीतरी पाटी लावलेली असताना आत गेलंय आणि आता साळसूदासारखं बसलंय. वासरांचे बाप शोधून काढता ना तुम्ही? मग हा शिंकरा कोण ते शोधायला काय धाड भरलीय? घ्या सगळ्यांच्या गालातला नमुना, लावा त्या तुकड्यांशेजारी. जो सापडेल त्याला हाकला!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांना पटलं. त्या लायब्ररीतच चार-पाच तुकडे असे सापडले होते की त्यांची लांबी माणसागणिक वेगळी असते, तेव्हा जुळवणी सोपी होती. छोटीने कापसाच्या काड्या आणल्या. आपल्या आईवर आळ आलाय म्हणून तिचे डोळे भरले होते, पण माझ्याकडे बघून हसली. मीच पहिला आ केला. मग बाकीच्यांनी, मग छोटीने स्वतः. ताई म्हणाल्या, "मला मळमळतंय. मी उद्या देते."

मी छाती काढून माझ्या दुरुस्तीच्या खोलीत आलो. पत्रात लिहिलेली, थेंब खरवडल्याची तारीख डोक्यात होती. मला एक खोड आहे, प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहितो. म्हटलं बघू तरी, त्या दिवशी आपण कुठे होतो. पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'सुईखोली. सूक्ष्मदर्शकाची फिरकी घट्ट. दुरुस्त.'

सगळं आठवलं. आदल्या दिवशी ताई म्हणाल्या होत्या फिरकी अडकते म्हणून. मी गेलो तेव्हा पाटी होती, पण ताई जेवायला उठल्या होत्या. म्हटलं दोन मिनिटांचं काम, मास्क काय करायचाय. फिरकी खोलली, तेल दिलं, आणि त्या तेलाच्या वासाने सणसणून शिंक आली. थेंबावर झाकण होतं की नाही, बघितलंही नाही. बाहीने टेबल पुसलं आणि निघालो. ताईंना कळू नये, फिरकी आपोआपच मोकळी झाली असं वाटावं, म्हणून खुर्चीही होती तशी ठेवली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आणि मी भर बैठकीत आ करून पुरावाही देऊन आलो होतो.

तेवढ्यात ताई आल्या. दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांत त्या माझ्या खोलीत येऊन कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या.

"भाऊ, हे थांबवा."

"अहो, तुमचं नाव निघेल यातून स्वच्छ. घाबरताय कशाला?"

"माझं नाव गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग म्हणाल्या, "छोटी माझी नाही."

मला आधी कळलंच नाही. "नाही म्हणजे?"

"अकरा दिवसांची होती. दवाखान्यात कुणी ठेवून गेलं होतं. आम्हाला मूल होत नव्हतं. घेतली, आणि गावच बदललं, कुणी विचारायला नको म्हणून. तिचा बाप असताना सांगायचं ठरलं होतं, शाळेत जायला लागली की सांगू. मग तो गेला. आता बापही नाही म्हणायचं आणि आईही नाही म्हणायचं? नाही झालं माझ्याच्याने. मग दहावी झाली की, मग नोकरी लागली की. भाऊ, ती माझ्या रेघा आणि तिच्या रेघा शेजारी बघणार. तिला कुणी सांगायला लागणार नाही. आणि बघेल ती कुठे, तर सात माणसांत, फिल्म वाचायच्या त्या उजेडाच्या टेबलावर."

माझ्या कोपराखाली वही उघडीच होती.

"तुम्हीच काढलंत हे, तुम्हीच मिटवा. साहेब तुमचं ऐकतात. काहीही सांगा."

काहीही सांगायची गरज नव्हती. एकच वाक्य पुरलं असतं. 'तो मी होतो.' पण अर्ध्या तासापूर्वी मी त्याला हाकला म्हणून ओरडलो होतो. पस्तीस वर्षं मी नाकाने कांदे सोलत आलो, कुणी पंप चालू ठेवून गेलं तर चारचौघांत सालटं काढली त्याची. ती सगळी तोंडं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी ताईंना म्हणालो, "बघतो."

बघतो! त्या शब्दाला फाशी दिली पाहिजे.

सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. खरंच सांगायचं ठरवून गेलो होतो, तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. ताई माझ्या आधीच तिथे होत्या. "साहेब, मी होते," त्या म्हणत होत्या. "फार उकडत होतं, मास्क काढला आणि शिंकले. घाबरून बोलले नाही. आता तपासणी कशाला? उगाच बाकीच्यांना त्रास." बोलताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. साहेबांनी डोक्याला हात लावला. "ताई, तुम्ही?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय पाना, तुझं काय काम होतं?"

मी म्हणालो, "काही नाही. फ्रीजचं विचारायचं होतं." मूग गिळून परत आलो.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी ताईंना हाकललं नाही. पुन्हा भांडी धुवायला लावलं. तोच नळ, तीच मोरी. सुई ओढणारे ते हात ब्रश घेऊन बाटल्यांच्या बुडात फिरायला लागले. येणारे-जाणारे तोंड फिरवून जायचे. संशोधक बाईंनी ताईंशी बोलणं टाकलं. ताईंना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. उलट त्यांचा चेहरा सैल झाला होता. एकदा मला म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, तुम्ही मध्ये पडला नाहीत. घोळ वाढला असता." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि छोटी? ती पेटलीच होती. माझ्याकडे आली. "काका, आई खोटं बोलतेय. घरात झुरळ निघालं तरी ओरडत नाही ती. ती मास्क काढेल? ती कुणाला तरी पाठीशी घालतेय."

"जाऊ दे ना पोरी. साहेबांनी मिटवलंय प्रकरण."

"का जाऊ दे? तिने भांडी घासायची का आयुष्यभर? तुम्हीच म्हणालात ना, जो असेल त्याला शोधा?"

मी पंप खोलत बसलो. खाई त्याला खवखवे. माझ्या हातातून तीनदा स्क्रू पडला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती निघून गेली. तेव्हा तिला थांबवून बोललो असतो तरी चाललं असतं. तेव्हाही उशीर झाला नव्हता.

आठ दिवसांनी दुपारी ती परत आली. हातात फिल्म. गालांचे नमुने फ्रीजमध्ये तसेच होते, ते तिने कुणाला न सांगता चालवले होते. आणि आईचं नाव धुऊन काढायचं म्हणून आईचाही नमुना घेतला होता, घरातल्या दात घासायच्या ब्रशवरून. माझ्या टेबलावरचे पाने-हातोड्या बाजूला सारून तिने फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.

"ही पट्टी लायब्ररीतल्या तुकड्यांची. आणि ही तुमची."

जुळत होत्या. मलासुद्धा वाचता आल्या.

"छोटी, मी सांगणार होतो. फिरकी दुरुस्त करायला गेलो होतो, शिंक आली, मी..."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "ते विचारायला नाही आले." तिने बोट सरकवलं. "ही आईची. आणि तिच्या शेजारची माझी."

मी वाकून बघितलं. त्या जुळत नव्हत्या.

"मी तीनदा चालवलं काका. वाटलं नमुने बदलले, वाटलं ब्रश चुकला. ब्रश कसा चुकेल? घरात दोनच आहेत." तिचा आवाज अगदी रोजच्या कामातला होता. "वासरू असतं तर मी कागदावर कोणता शिक्का मारला असता, सांगा बरं."

"पोरी..."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी मानेनेच हो म्हटलं. ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली, लहान मुलं रडतात तसं, तोंड उघडं टाकून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर तिने तो झटकला.

"तिने यासाठी भांडी घासली," ती म्हणाली. "मला कळू नये म्हणून. आणि मी तिच्यासाठी म्हणून तपासलं. तुम्ही त्या दिवशी 'मी होतो' म्हणाला असतात, तर मला ही फिल्म काढायचं कारणच नव्हतं."

खरंच होतं ते. ती डोळे पुसून उठली. फिल्म माझ्याच कात्रीने बारीक कापली, तुकडे खिशात घातले. म्हणाली, "आईला कळता कामा नये मला कळलंय ते. एवढं तरी करा."

मी तसाच साहेबांकडे गेलो आणि माझ्या शिंकेचं सगळं ओकलो, वहीचं पान पुढे ठेवलं. साहेबांनी मला काय काय ऐकवलं ते सोडा, कमीच होतं. संशोधक बाई मोरीपाशी जाऊन ताईंच्या गळ्यात पडल्या. ताईंना त्याच दिवशी सुईखोलीत परत पाठवलं. सव्विसावं पुन्हा पहिल्यापासून खरवडायचं होतं. दोन वर्षांत किती वासरं गेली त्याचा हिशोब कुणी माझ्यासमोर काढला नाही, मी काढला.

संध्याकाळी ताई माझ्या खोलीत आल्या. मला वाटलं थोबाडीत देतील. द्यायला हवी होती. त्यांनी आधी दार लावलं.

"तुमचं नंतर बघते," त्या म्हणाल्या. "आधी एक खरं सांगा. ती तपासणी झाली का? कुणी चालवली का फिल्म?"

"नाही," मी म्हणालो. "मी आपणहून कबूल केलं. कुणी काही चालवलं नाही."

"छोटीने पण नाही?"

"नाही."

ताई त्याच स्टुलावर बसल्या. पदराने तोंड पुसलं. "देवा," त्या म्हणाल्या, "माझी पोर मला राहिली." मग त्यांनी माझ्याकडे बघून चक्क हात जोडले, आणि खाली फाटकापाशी छोटी थांबली होती म्हणून घाईघाईने निघून गेल्या.